ऊस हलला की गवा? छोट्या ड्रोनमधून हलती जनावरं शोधण्याची आणि ती पद्धत पारखून घेण्याची रीत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भात पिवळं पडायला लागलं की गव्यांच्या गोष्टी सुरू होतात. जांबोटी, कणकुंबीकडे रानाला लागून असलेल्या शिवारात कळप उतरतो, खातो थोडं आणि तुडवतो जास्त. ओळखीच्या एका तात्यांनी माझ्या हातातला छोटा ड्रोन बघून विचारलं, "ह्यातनं कळप केवढा, कुठनं शिरतो, ते कळंल काय रे?" मी उत्साहात हो म्हणून बसलो. पहिल्याच चित्रणात संगणकाने पडदाभर लाल चौकटी काढल्या. त्यातल्या बहुतेक शेजारच्या उसाच्या पानांवर होत्या. तात्या म्हणाले, "ऊस हालला की गवा हालला, ते आधी ठरव."

मी मूळचा पाणी तपासणारा. विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायची नवी पद्धत बसवली की तिचा आकडा बाहेर देण्याआधी ती आमच्या उपकरणावर, आमच्या माणसांच्या हातून नीट चालते का, हे आधी दाखवावं लागतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पद्धत ५० ला ४० वाचत असेल तर वाईट पाणी चांगलं ठरतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्यासाठी रिकामा नमुना, ज्ञात नमुना, पुन्हा पुन्हा मोजणी, शोध-मर्यादा (कुठपर्यंत पद्धतीला सापडतं आणि कुठून सुटायला लागतं) अशी पारख ठरलेली आहे. ड्रोनवाले सहसा ही पारख करत नाहीत. एक छानसं चित्रण दाखवतात आणि मोकळे होतात. खाली आहे ती ड्रोनची रीत, पण प्रयोगशाळेच्या शिस्तीत बसवलेली.

प्रश्न लहान करा

"हलती वस्तू शोधायची" एवढ्याने काम भागत नाही. वस्तू केवढी, चालते किती वेगाने, ड्रोन किती उंचीवर, वेळ कुठली, खाली पीक कुठलं, हे एका वाक्यात लिहा. आमचं वाक्य असं झालं: "भाताच्या मोकळ्या शिवारात, सकाळी सात ते नऊ, ६० मीटरवरून, म्हशीएवढं चालतं जनावर." पुढची सगळी पारख ह्या वाक्याची आहे. उसाबद्दल, रात्रीबद्दल किंवा झाडाखालच्या जनावराबद्दल ती काहीच सांगत नाही.

गवे बहुतेक रात्रीच उतरतात, हे खरं. साधा कॅमेरा तेव्हा कामाचा नाही. उष्णता टिपणारा लागतो, आणि त्याची चित्रं खूपच जाड असतात. ६४० बाय ५१२ ठिपक्यांचा (पिक्सेलचा), १२ मायक्रॉनचा सेन्सर आणि ९ मिलिमीटरचं भिंग असेल तर ६० मीटरवरून एक ठिपका जमिनीवर ८ सेंटिमीटरचा पडतो. शिवाय दिवसभर तापलेला जांभा खडक अंधार पडल्यावरही बराच वेळ ऊब धरून असतो आणि चिखलात लोळून आलेली म्हैस थंड दिसते. आधी दिवसाची पद्धत बसवा. पारख तीच राहते, आकडे तेवढे बदलतात.

परवानगी

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर २ किलोपर्यंतचा मायक्रो. नोंदणी करून ओळख क्रमांक घ्या आणि उडवण्याआधी दर वेळी डिजिटल स्काय ह्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत मोकळीक आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते. बेळगावात सांबऱ्याचा विमानतळ आहे, हवाई दलाचं ठाणं आहे, कॅम्पात लष्कर आहे, म्हणून शहराच्या आसपास "जरा उडवून बघतो" हा प्रकार नको. खानापूरच्या बाजूला भीमगड अभयारण्य आणि राखीव रान आहे. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नका. आपण आपल्या बांधाच्या आत राहायचं. गव्याच्या मागे ड्रोन लावायचा नाही. बिथरलेला कळप शेजाऱ्याच्या शिवारात घुसला तर भांडण आपल्या दारात येतं. आणि उडवण्याआधी झाडांवर आग्या मोहोळ आहे का ते बघा, ही सूचना कुठल्याच माहितीपुस्तिकेत मिळणार नाही.

एक ठिपका जमिनीवर केवढा?

सगळ्या हिशोबाचा पाया हाच. वर सेन्सरची रुंदी गुणिले उंची; खाली भिंगाचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) गुणिले चित्राच्या रुंदीतले ठिपके; वरच्याला खालच्याने भागा. सेन्सर ६.३ मिलिमीटर, भिंग ४.५ मिलिमीटर, उंची ६० मीटर आणि चित्र ३८४० ठिपक्यांचं असेल तर एक ठिपका सुमारे २.२ सेंटिमीटर. म्हणजे २.४ मीटर लांबीची म्हैस ११० ठिपके लांब दिसेल, वरून दिसणारा माणूस वीस-पंचवीस ठिपके आणि कुत्रं तीसेक.

कागदावरच्या ह्या आकड्यावर मात्र विसंबू नका. बरेच ड्रोन चित्रण करताना सेन्सरच्या कडा कापतात आणि उंचीही उड्डाण केलं त्या जागेपासून मोजतात. तुम्ही टेकाडावरून उडवून खाचरावर गेलात तर ६० चे ७५ कधी झाले कळत नाही. सोपा उपाय: चार मीटरचा वेळू मोजून, त्याला पांढरं फडकं गुंडाळून शिवारात ठेवा आणि चित्रात त्याचे ठिपके मोजा. वरच्या हिशोबाने १८० च्या आसपास यायला हवेत. दीडशेच आले तर खरं मोजमाप वेळूचं धरा, माहितीपुस्तिकेचं नव्हे.

चित्रण कसं घ्यायचं

कॅमेरा सरळ खाली. ड्रोन एका जागी थांबलेला. प्रकाशमान (एक्सपोजर) आणि रंगसंतुलन दोन्ही हाताने पक्कं करा, नाहीतर ढग आला की कॅमेरा स्वतःच उजेड बदलतो आणि अख्खं शिवार "हललं" असं संगणकाला वाटतं. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाचं किंवा त्याहून वेगवान. एक तुकडा एका मिनिटाचा पुरे.

ड्रोन थांबलेला का हवा, हे आकड्यात बघा. ड्रोन एक मीटर बाजूला सरकला की जमिनीवरची प्रत्येक गोष्ट चित्रात सारखीच सरकते आणि तेवढी आपण गणिताने परत बसवू शकतो. पण उंच गोष्टी जास्त सरकतात. ती वाढ म्हणजे वस्तूची उंची भागिले ड्रोन आणि वस्तूचा शेंडा यांमधलं अंतर. ६० मीटरवरून १२ मीटरचं सागवान म्हणजे १२ भागिले ४८, पाव मीटर, म्हणजे अकरा ठिपके. झाड जागचं हललेलं नाही, तरी संगणकाला ते चालताना दिसतं. तीन मीटरच्या उसाला हीच वाढ दोन-अडीच ठिपके येते, ती खपून जाते. म्हणून बांधावरची झाडं चित्राच्या मधे घेऊ नका. आलीच तर त्यांच्यावर झाकण टाका, म्हणजे तेवढा भाग हिशोबातून वगळा. वगळलेला भाग किती टक्के, तेही लिहून ठेवा.

चित्रं एकमेकांवर बसवणं

ड्रोन कितीही थांबला म्हटलं तरी वाऱ्यात डुलतोच. ओपनसीव्ही हे चित्रांवर काम करणारं फुकट साधन पायथॉनमधून वापरा. पहिल्या चित्रात ठळक कोपरे शोधा, म्हणजे बांधांचे सांधे, दगड, पाटाच्या कडा. शी-टोमासी पद्धत ह्याला चांगली. ते कोपरे पुढच्या चित्रांत कुठे गेले ते लुकास-कानाडे पद्धतीने मागोवा घेऊन काढा. त्या जोड्यांवरून एक होमोग्राफी बसवा, म्हणजे सपाट जमिनीचं एक चित्र दुसऱ्यावर बसवणारं गणित. चालत्या म्हशीच्या पाठीवरचे कोपरे ह्या हिशोबात घुसू नयेत म्हणून रॅनसॅक आहे: बहुमताशी न जुळणाऱ्या जोड्या ते बाजूला काढतं.

बसवणं नीट झालं का, ते डोळ्यांनी ठरवू नका. हिशोबात न घेतलेले दहा-बारा स्थिर बिंदू हाताने निवडा आणि शंभर चित्रांनंतर ते किती ठिपके ढळले ते मोजा. आम्ही दोन ठिपक्यांपलीकडे गेलेला तुकडा बाद करतो. एकसारखं पिवळं भात पसरलेलं असेल तर कोपरेच सापडत नाहीत. अशा जागी चार-सहा पांढऱ्या चुन्याच्या खुणा करून ठेवल्या की काम सोपं होतं.

वजाबाकी

इथे जवळपास सगळेच एक चूक करतात: लागोपाठच्या दोन चित्रांची वजाबाकी. सेकंदाला ३० चित्रं असतात. म्हैस सेकंदाला एक मीटर चालते असं धरलं तर दोन चित्रांच्या मधे ती तीन सेंटिमीटर सरकते, म्हणजे दीड ठिपका. बसवण्यातली चूकच तेवढी असते. दहा चित्रांचं अंतर ठेवलं की सरकणं पंधरा ठिपके होतं आणि वेगळं दिसायला लागतं. ताशी १५ किलोमीटरने जाणारा उसाचा ट्रॅक्टर मात्र दर चित्राला सहा ठिपके सरकतो, त्याला एवढं अंतर लागत नाही. वेग बघून अंतर ठरवा.

तरीही अशा वजाबाकीत जनावराची पुढची आणि मागची कडच उजळते, मधलं अंग उजळत नाही. एका म्हशीच्या दोन वस्तू मोजल्या जातात. आम्हाला बरी पडली ती मध्यकाची पद्धत: बसवलेल्या वीस-तीस सेकंदांतून अधूनमधूनची चित्रं घ्या, प्रत्येक ठिपक्याचा मध्यक (किमती चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) काढा, ती झाली रिकामी जमीन, मग प्रत्येक चित्रातून ती वजा करा. चालतं जनावर अख्खं उठून दिसतं. पण एका जागी उभं राहून चरणारं जनावर अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच असलं तर मध्यकात मुरतं आणि जमीन बनून जातं. ते दिसतच नाही. ही पद्धतीची चूक नाही, तो तिचा स्वभाव आहे, आणि शेतकऱ्याला तो सांगितलाच पाहिजे. उभं जनावर हवं असेल तर रूपावरून ओळखणारं शिकवलेलं जाळं (न्यूरल नेटवर्क) लागेल. खुणा केलेल्या ड्रोन-चित्रांच्या तयार मिळणाऱ्या व्हिसड्रोन संचात माणसं आणि गाड्या आहेत, गुरं नाहीत. म्हणजे आपलीच चित्रं गोळा करून त्यांवर खुणा कराव्या लागतील.

ऊस आणि गवा वेगळे करणं

वजाबाकीतून उरलेल्या ठिपक्यांतली बारीक धूळ काढा, जवळचे तुकडे जोडा, मग आकार बघा. २.४ बाय ०.८ मीटरची म्हैस ६० मीटरवरून चार हजार ठिपक्यांच्या आसपास भरते, माणूस तीनेकशे, कुत्रं साडेतीनशे. दीड हजारांच्या खालचं सोडून द्या. सकाळी सावली लांब असते आणि ती जनावराबरोबर चालते, म्हणून वरची मर्यादा सैल ठेवा. साध्या लॅपटॉपवर चित्र निम्मं करून चालवलंत तर लांबीचे आकडे निम्मे होतील आणि क्षेत्रफळाचे पाव.

आकाराने माणूस-कुत्रं जातं, ऊस जात नाही. वाऱ्यात पानांचा एवढा मोठा पट्टा सहज उजळतो. तिथे उपयोगी पडते ती साधी गोष्ट: पान हलतं पण कुठे जात नाही. प्रत्येक वस्तूचा तीन सेकंद माग ठेवा (कालमन गाळणी, म्हणजे वस्तू पुढच्या चित्रात कुठे असेल त्याचा अंदाज बांधणारं गणित, पुरते) आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती सरळ किती गेली ते बघा. दीड मीटरहून कमी, म्हणजे सत्तर ठिपक्यांच्या आत, तर सोडा. ह्या एका अटीने आमच्या लाल चौकटींची गर्दी ओसरली.

पण भातावरून वाऱ्याची झुळूक जाते तेव्हा लाट खरोखरच शिवारभर पळते. ती "कुठेतरी जाते". तिला वेगाची अट लावा: सेकंदाला चार मीटरच्या वर आणि रुंदीला दहा-पंधरा मीटर पसरलेलं काही असेल तर ते जनावर नव्हे. ह्या अटीत बिथरून एकत्र धावणारा गव्यांचा कळपही गळेल. आम्ही ते पत्करलं, आणि लिहून ठेवलं.

आता पारख

इथवर यायला आठवडा पुरतो. पारखीला महिना द्या.

पहिला, रिकामा नमुना. जनावर नाही हे पक्कं माहीत असलेल्या शिवाराचे एकेका मिनिटाचे निदान वीस तुकडे, त्यातले अर्धे वाऱ्याच्या दिवशी. त्यात किती खोट्या सूचना आल्या ते मोजा आणि तासाच्या हिशोबात मांडा. दहा मिनिटांना एक म्हणजे ऐकायला बरी वाटते. पण तासाला सहा खोट्या आणि कळप तासात एकदाच आला, तर सातपैकी सहा वेळा तुम्ही शेतकऱ्याला फुकट पळवलंत. म्हशी मुद्दाम चालवलेल्या दिवशीची टक्केवारी म्हणूनच फसवी असते. तिथे जनावर वारंवार येतं, खऱ्या दिवशी येत नाही.

दुसरा, ज्ञात नमुना. गवे बोलावता येत नाहीत, म्हशी येतात. वरून बघितलं तर रंग आणि आकार जवळचाच. तात्यांच्या दोन म्हशी आणि एक रेडकू ठरल्या वाटेने चालवायचं ठरलं, तेव्हा ते आधी कडाडले, "उभ्या पिकात घालतोस काय!" म्हणून चाचणी कापलेल्या खाचरात झाली. हा फरक अहवालात जातो: पद्धत धसकटांवर पारखली आहे, उभ्या भातावर नाही. वाट चुन्याच्या फक्कीने आखा. बांधावर एक माणूस वही घेऊन बसवा. कुठलं जनावर किती वाजता कुठली खूण ओलांडून गेलं, ते तो लिहील. सुरुवातीला त्याच्या फोनचं घड्याळ ड्रोनच्या कॅमेऱ्यासमोर धरा, नाहीतर नंतर वही आणि चित्रण जुळत नाही आणि भांडत बसावं लागतं.

तिसरं, ज्या तुकड्यांवर आकडे बसवले त्यांवर पारख करू नका. प्रयोगशाळेत अंशांकन (उपकरणाचं माप ज्ञात द्रावणाशी जुळवणं) एका बाटलीच्या द्रावणाने केलं तर तपासणी दुसऱ्या बाटलीच्या द्रावणाने होते. इथेही तसंच: एका दिवसाचे तुकडे बसवायला, दुसऱ्या दिवशीचे, शक्यतो दुसऱ्या शिवारातले, पारखायला. पारखीचा निकाल बघून आकडे बदलले तर ते तुकडे बसवण्याचे झाले; नवे गोळा करा. मोह आवरत नाही, हे अनुभवाने सांगतो. चित्रणावर खुणा करणाऱ्या माणसाला संगणकाचा निकाल आधी दाखवू नका. पाचातला एक तुकडा दुसऱ्या माणसाकडूनही तपासून घ्या. दोघांचंच जुळत नसेल तर संगणकाला दोष देऊ नये.

चौथं, मोजायचं काय? चित्रं नव्हे, फेऱ्या. एक म्हैस एका मिनिटात १८०० चित्रांत दिसते. "१८०० पैकी १७०० वेळा ओळखली" हे वाक्य म्हणजे एकाच नमुन्याची एकच मोजणी १८०० वेळा छापल्यासारखं आहे. समजा ३० स्वतंत्र फेऱ्यांपैकी २७ सापडल्या. टक्केवारी ९०. पण एवढ्या थोड्या फेऱ्यांवरून खरा आकडा ७४ ते ९७ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. तीसपैकी तीस सापडल्या तरी दहातली एक सुटण्याची शक्यता नाकारता येत नाही. ही रुंदी आकड्याशेजारी लिहा.

पाचवं, शोध-मर्यादा. त्याच म्हशी, तीच वाट, उंची ३०, ४५, ६०, ८०, १०० मीटर. सापडण्याचं प्रमाण कुठल्या उंचीवर घसरतं ते बघा आणि कामाची उंची त्याच्या बरीच खाली ठेवा. रेडकावर हेच वेगळं करा. ते आकाराच्या अटीत आधी गळतं. पिवळ्या धसकटांवर पांढरी गाय चालवून बघा, म्हणजे रंगाचा फरक कमी झाला की काय होतं ते कळेल.

मग एकेक गोष्ट बदला: वारा, ऊन-ढग, उडवणारा माणूस, शिवार. एका वेळी एकच. सगळं एकदम बदललं तर बिघडलं कशाने, ते सांगता येत नाही.

आणि कामाला लागल्यावर दर दिवशीचं पहिलं उड्डाण एका ओळखीच्या म्हशीवर. ती सापडली नाही तर त्या दिवशीचं काम थांबवा. ड्रोनची प्रणाली अद्ययावत झाली, भिंग बदललं, भात कापून हरभरा पेरला, तरी निदान दहा फेऱ्या आणि दहा रिकामे तुकडे पुन्हा.

तात्यांना दिलेल्या कागदावर शेवटी चारच ओळी होत्या: ६० मीटर, सकाळी सात ते नऊ, कापलेल्या खाचरात चालतं मोठं जनावर, सापडण्याचं प्रमाण रुंदीसह, तासाला खोट्या सूचना, आणि खाली, "उभं, बसलेलं, झाडाखालचं, रात्रीचं जनावर ह्यात धरलेलं नाही." त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. मग बोट शेवटच्या ओळीवर ठेवून म्हणाले, "म्हंजे खाणारा गवा दिसत नाही, पळणारा दिसतो." आता आम्ही उभ्या म्हशींच्या चित्रांवर खुणा करायला बसलो आहोत.